श्वास तेवढाच, जीव निम्मा: वोबर्नच्या मातीतल्या जड धातूंचे प्रकरण

इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यात वोबर्न हे जुने प्रायोगिक शेत आहे. तिथे एकेकाळी भाजीपाल्याचा प्रयोग चाललेल्या प्लॉटांवर १९८० च्या दशकात पांढरा क्लोव्हर घेण्यात आला. क्लोव्हर हे बरसीमच्या कुळातले द्विदल चारापीक. शेणखत मिळालेल्या प्लॉटांवर ते हिरवेगार वाढले. ज्या प्लॉटांना पूर्वी शहरी सांडपाण्याचा गाळ मिळाला होता, तिथे मात्र ते पिवळे पडले, खुरटले, आणि उत्पादन शेणखताच्या प्लॉटांच्या जेमतेम ४० टक्के आले.

गाळ टाकणे १९६१ मध्येच थांबले होते. त्यानंतर वीस वर्षांहून जास्त काळ त्या मातीत नवा गाळ पडला नव्हता. सामू (पीएच) ६.५ च्या आसपास राखलेला होता, सेंद्रिय कर्ब शेणखताच्या प्लॉटांपेक्षा कमी नव्हता, मशागत सगळीकडे सारखीच होती. शेतकरी जमिनीच्या आरोग्याचा जो नेहमीचा अहवाल काढून आणतो, त्यात या मातीविरुद्ध बोट ठेवायला फारशी जागा सापडली नसती.

जड धातूंनी मातीतली जैविक क्रिया कशी बिघडते याची उदाहरणे पुष्कळ आहेत. धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांभोवतीच्या जंगलांत पालापाचोळा कुजायचा थांबतो आणि जमिनीवर थरावर थर साचत जातो. तिथे नुकसान डोळ्यांनाच दिसते. वोबर्नचे प्रकरण मी निवडले ते नेमके उलट कारणासाठी. इथे कॅडमियम सोडले तर धातूंचे प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या आसपास होते, माती दिसायला चांगली होती, आणि तिचा श्वासही नेहमीसारखा चालू होता. बिघाड आत होता. तो कळला तो योग्य गोष्ट मोजल्यामुळे, आणि काही काळ कळला नाही तो सोयीची गोष्ट मोजल्यामुळे.

प्लॉटांचा पूर्वेतिहास

वोबर्नचे शेत १८७६ मध्ये इंग्लंडच्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीने सुरू केले. पुढे ते रोथमस्टेडच्या संशोधन केंद्राकडे गेले. रोथमस्टेडची जमीन भारी आणि चिकणमातीची, तर वोबर्नची हलकी, वाळूमिश्रित. वाळूच्या जमिनीत सेंद्रिय पदार्थ टिकत नाही आणि धातूंना धरून ठेवणारे चिकणमातीचे कणही थोडे असतात. या प्रकरणात ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

भाजीपाल्याचा हा प्रयोग १९४२ मध्ये सुरू झाला. प्रश्न साधा होता: हलक्या जमिनीत भाजीपाला पिकवायचा तर शेणखत लागते, ते पुरेसे मिळत नसेल तर त्याऐवजी काय टाकावे? काही प्लॉटांना शेणखत, काहींना वेगवेगळे कंपोस्ट, काहींना सांडपाण्याचा गाळ किंवा गाळ-पेंढ्याचे कंपोस्ट, आणि काहींना फक्त रासायनिक खत, अशी आखणी झाली. हा प्रयोग चालवणाऱ्यांत हॅरॉल्ड मान होते. हे नाव मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नंतर मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक असलेले हेच मान. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची घरोघर पाहणी करून शेतजमिनीच्या तुकड्यांवर आणि शेतकऱ्यांच्या कर्जावर त्यांनी केलेला अभ्यास आजही उद्धृत होतो. निवृत्तीनंतर ते मायदेशी परतले आणि १९२८ पासून वोबर्नला रमले.

गाळ पश्चिम लंडनच्या बाजूचा होता. त्या सांडपाण्यात घरांच्या मैल्याबरोबर कारखान्यांचे पाणीही येत असे. जस्त, तांबे, निकेल, कॅडमियम, क्रोमियम, शिसे हे सारे त्या पाण्यातून येऊन गाळात बसले. त्या काळी गाळाकडे पाहायचे ते नत्र आणि स्फुरद देणारे खत म्हणून. पिके वाढत होती, भाजी निघत होती, तेव्हा शंका घेण्याचे कारणही कुणाला दिसले नाही. प्रयोग संपला, आकडे छापले गेले, प्लॉट तसेच राहिले.

रोथमस्टेडची एक जुनी सवय मात्र इथे उपयोगी पडली. मातीचे आणि पिकांचे नमुने वाळवून, बाटल्यांत भरून, पिढ्यानपिढ्या जपून ठेवायचे. या साठ्यातले सर्वांत जुने नमुने १८४३ चे आहेत. ज्या काळात कॅडमियम मोजण्याची कुणाला गरज वाटत नव्हती, त्या काळच्या वोबर्नच्या मातीत ते किती होते हे नंतर मोजता आले, ते या बाटल्यांमुळे. दीर्घकाळ चाललेला प्रयोग आणि जपलेले नमुने या दोन्ही गोष्टी हातात नसत्या, तर हे प्रकरण कधी उघडलेच नसते असे माझे ठाम मत आहे.

श्वास मोजला तेव्हा

मातीतली जैविक क्रिया मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे तिचा श्वास मोजणे. ओलसर माती बंद बरणीत ठेवायची आणि सूक्ष्मजीव सोडतील तो कार्बन डायऑक्साइड अल्कलीत शोषून घेऊन मोजायचा. वोबर्नच्या गाळाच्या आणि शेणखताच्या मातीत हा आकडा जवळपास सारखा आला. एवढ्यावर थांबले असते तर निष्कर्ष निघाला असता की सूक्ष्मजीव ठणठणीत आहेत आणि धातूंचा काही त्रास नाही.

फिल ब्रूक्स आणि स्टीव्ह मॅकग्रा या रोथमस्टेडच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट मोजली: मातीत जिवंत सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान किती आहे. त्यासाठीची पद्धत त्याच संस्थेत डेव्हिड जेंकिन्सन आणि डेव्हिड पॉलसन यांनी १९७६ मध्ये मांडली होती. मातीच्या नमुन्याला क्लोरोफॉर्मची वाफ द्यायची, म्हणजे बहुतेक सूक्ष्मजीव मरतात. मग क्लोरोफॉर्म काढून टाकायचा आणि ताज्या मातीचे किंचित विरजण घालायचे. नवे जिवाणू मेलेल्यांच्या शरीरांवर तुटून पडतात आणि पुढच्या १० दिवसांत नेहमीपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा जो जादा वायू, त्यावरून आधी किती जीव होता याचा हिशेब निघतो. निरोगी शेतजमिनीत एकूण सेंद्रिय कर्बापैकी साधारण १ ते ४ टक्के कर्ब अशा जिवंत शरीरांत असतो.

१९८४ मध्ये त्यांनी निकाल छापला. गाळाच्या प्लॉटांत सूक्ष्मजीवांचे वस्तुमान शेणखताच्या प्लॉटांच्या साधारण निम्मे होते. सेंद्रिय पदार्थ तेवढाच, किंबहुना थोडा अधिक, तरीही त्यावर जगणारे निम्मेच. एटीपी हा प्रत्येक जिवंत पेशीतला ऊर्जावाहक रेणू. तो स्वतंत्रपणे मोजला तेव्हाही चित्र हेच निघाले. म्हणजे दोष क्लोरोफॉर्मच्या पद्धतीत नव्हता.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. जीव निम्मा आणि श्वास तेवढाच. याचा अर्थ प्रत्येक ग्रॅम जिवंत वस्तुमानामागे श्वास दुप्पट. घरात माणसे निम्मी उरली आणि शिधा मात्र पूर्वीइतकाच संपतो आहे, तर तो नेमका कुठे जातो हे विचारावेच लागते.

त्याचे उत्तर पुढच्या काही वर्षांत मिळत गेले. के. चंदर आणि ब्रूक्स यांनी १९९१ मध्ये धातूयुक्त आणि स्वच्छ मातीत ग्लुकोज आणि मक्याचे अवशेष मिसळून पाहिले. दोन्हीकडे अन्न तेच. पण धातूयुक्त मातीत त्यातला कमी कर्ब नव्या पेशी बांधण्यात गेला आणि जास्त कर्ब वायू होऊन उडाला. धातूंच्या सान्निध्यात जगणे जिवाणूला महाग पडते. जस्त किंवा कॅडमियमचे आयन पेशीत शिरले की ते विकरांतल्या (एन्झाइममधल्या) गंधकयुक्त जागांना चिकटतात आणि विकराचा आकार बिघडवतात. कॅडमियम तर विकरातल्या जस्ताची जागाही बळकावते. जिवाणू हे आयन पंप करून बाहेर टाकतो, प्रथिनांत बांधून ठेवतो किंवा पेशीभोवती चिकट आवरण तयार करतो. या प्रत्येक कामाला ऊर्जा लागते आणि ती अन्न जाळूनच मिळते. त्यामुळे वाढीला आणि विभाजनाला कमी उरते. मातीचा श्वास जोरात चालतो, पण त्यातला मोठा भाग तग धरण्यावर खर्च होतो.

म्हणूनच जैविक क्रिया आणि जैविक आरोग्य या दोन गोष्टी एकच समजू नयेत असे मला वाटते. क्रिया वाढलेली दिसली की आपल्याला आनंद होतो. वोबर्नने दाखवले की ती वाढ ताणाचीही असू शकते. श्वासाचा आकडा एकटा काही सांगत नाही. तो वस्तुमानाने भागल्यावरच बोलू लागतो.

मोजमापाचा आणखी एक फसवा प्रकार इथेच नोंदवायला हवा. मातीची जैविक क्रिया दाखवायला डिहायड्रोजिनेज या विकराची चाचणी फार वापरली जाते. मातीत एक रंगहीन रसायन घालायचे. जिवंत पेशी त्याचे लाल रंगद्रव्यात रूपांतर करतात. लाली जितकी गडद तितकी क्रिया जास्त. चंदर आणि ब्रूक्स यांना आढळले की तांबे असलेल्या मातीत ही चाचणी विश्वासार्ह राहत नाही. तांबे त्या लाल रंगातच ढवळाढवळ करते, त्यामुळे क्रिया प्रत्यक्षात असते त्याहून कितीतरी कमी दिसते. म्हणजे एका चाचणीने नुकसान लपवले, दुसरीने फुगवले. तांब्याच्या प्रदूषणाचे अहवाल वाचताना मी आता आधी कोणती चाचणी वापरली आहे हे पाहतो आणि मगच आकड्याकडे वळतो.

क्लोव्हरच्या मुळांशी

आता त्या पिवळ्या क्लोव्हरकडे. पहिला संशय साहजिकच थेट विषबाधेचा होता: धातू मुळांतून झाडात गेले असतील आणि त्यांनी झाड आजारी पाडले असेल. तपासायला सोपी गोष्ट होती. त्याच मातीतल्या क्लोव्हरला नत्र खत दिले, तर ते नीट वाढले. झाडाला धातू मानवत होते असे नव्हे, पण ते खुरटण्याचे कारण धातूंचा झाडावरचा हल्ला हे नव्हते. झाड नत्राला महाग झाले होते.

क्लोव्हर नत्र स्वतः हवेतून मिळवतो, म्हणजे त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू मिळवून देतात. गाळाच्या प्लॉटांतली झाडे उपटून पाहिली तेव्हा गाठी होत्या. इथे घाईत असलेला निरीक्षक पुन्हा फसला असता, कारण गाठी आहेत म्हणजे रायझोबियम आहे आणि काम चालू आहे असा आपला सरधोपट समज असतो. पण काम करणारी गाठ कापली तर आतून गुलाबी असते, लेगहिमोग्लोबिन या लाल रंगद्रव्यामुळे. या गाठी लहान आणि पांढुरक्या होत्या. त्यांत नत्र स्थिर होत नव्हता.

केन गिलर, मॅकग्रा आणि पेनी हर्श यांनी १९८९ मध्ये या गाठींतले जिवाणू वेगळे काढून तपासले. स्वच्छ मातीतून रायझोबियमचे नाना वाण मिळत होते आणि त्यांतले बहुतेक कामाचे होते. गाळाच्या मातीतून मिळाले ते सारे निकामी. हर्श आणि सहकाऱ्यांनी पुढे त्यांची जनुकीय ओळख तपासली, तेव्हा ते सगळे एकाच वाणाचे निघाले. एके काळी तिथे नांदणारी क्लोव्हरच्या रायझोबियमची संपूर्ण बिरादरी नाहीशी झाली होती आणि मागे एकच वाण उरला होता. तो मुळात शिरत होता, गाठ बनवत होता, झाडाकडून साखर घेत होता आणि बदल्यात काही देत नव्हता.

मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच वाटते. मातीतल्या अनेक कामांना पर्यायी कामगार असतात. काडीकचरा कुजवायला हजारो प्रकारचे जिवाणू आणि बुरश्या असतात. त्यांतले काही मेले तर दुसरे जागा घेतात, म्हणूनच एकूण श्वास ढळत नाही. पण एका विशिष्ट पिकाच्या मुळांत राहून नत्र बांधणे हे काम करणारे थोडे. ते गेले की त्यांचे काम करायला दुसरे कुणी येत नाही. प्रदूषणाचा पहिला घाव अशा नेमक्या कामांवर बसतो, आणि एकूण क्रियेची सरासरी तो झाकून टाकते.

मग कामाचे रायझोबियम बाहेरून आणून सोडले तर? तेही करून पाहिले. गाळाच्या मातीत कार्यक्षम वाण भरपूर संख्येने मिसळून लगेच क्लोव्हर पेरला, तर गुलाबी गाठी आल्या आणि झाड हिरवे झाले. म्हणजे धातू गाठ बनण्याच्या आड येत नव्हते. पण तेच जिवाणू मिसळून माती पीक न घेता दोनेक महिने ठेवली, तर कार्यक्षम वाण टिकत नव्हता. खरी अडचण इथे उलगडली. गाठीच्या आत जिवाणू सुरक्षित असतो, यजमानाच्या पेशींनी वेढलेला. गाठ कुजली की तो मातीत येतो आणि पुढचे मूळ भेटेपर्यंत त्याला उघड्यावर, मातीतल्या पाण्यात विरघळलेल्या धातूंच्या संगतीत जगावे लागते. त्या मोकळ्या काळात तो हळूहळू मरतो. चौधरी, मॅकग्रा आणि गिलर यांनी धातूंचे क्षार मिसळलेल्या मातीत १८ महिने रायझोबियमची गणती केली, तेव्हा ही संथ घसरण स्पष्ट दिसली. काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत जी मात्रा निरुपद्रवी वाटते, तीच दीड वर्षात समूह संपवू शकते. विषारीपणाच्या कितीतरी चाचण्या अल्प मुदतीच्या असतात, आणि त्यांवर आधारलेल्या सुरक्षित मर्यादांकडे म्हणूनच मी साशंकपणे पाहतो.

रायझोबियमखेरीज इतरांचीही तपासणी झाली. मातीच्या पृष्ठभागावर वाढणारे निळे-हिरवे शेवाळ हवेतला नत्र स्वतंत्रपणे बांधते. ओली माती उजेडात ठेवली तर स्वच्छ नमुन्यांवर त्याचा थर चढला. धातूयुक्त नमुन्यांवर तो फार उशिरा आणि तुरळक आला. क्लोव्हरच्या मुळांत मायकोरायझा ही मुळांशी भागीदारी करणारी बुरशी शिरायलाही या मातीत जास्त वेळ लागला.

आकडे आणि मर्यादा

इथे आकड्यांपाशी थांबणे भाग आहे, कारण खरा वाद तिथे आहे. युरोपीय समुदायाने जून १९८६ मध्ये शेतात गाळ वापरण्याविषयी निर्देश काढला. गाळ मिळालेल्या मातीत धातू किती चालतील याच्या मर्यादा त्यात प्रतिकिलो मातीमागे मिलिग्रॅममध्ये दिल्या: जस्त १५० ते ३००, तांबे ५० ते १४०, निकेल ३० ते ७५, शिसे ५० ते ३००, कॅडमियम १ ते ३. या मर्यादा ठरवताना मुख्य विचार होता पिकाची वाढ आणि अन्नसाखळीतून माणसापर्यंत पोहोचणारा धातू. मातीतल्या सूक्ष्मजीवांसाठी त्या आखलेल्या नव्हत्या.

वोबर्नच्या प्लॉटांत क्लोव्हरची नत्र बांधणी निम्म्यावर आली ती साधारण जस्त ३३४, तांबे ९९, निकेल २७ आणि कॅडमियम १० या पातळीला. जस्त मर्यादेच्या किंचित वर. तांबे आणि निकेल मर्यादेच्या आत. कॅडमियम मात्र तिपटीहून अधिक. निळ्या-हिरव्या शेवाळाची नत्र बांधणी तर याहून बरीच आधी, जस्त ११४, तांबे ३३, निकेल १७ आणि कॅडमियम २.९ इतक्याला निम्मी झाली होती. हे सगळे आकडे वरच्या मर्यादेच्या आतले आहेत.

या आकड्यांत एक गोची आहे आणि ती लपवू नये. गाळातून सगळे धातू एकत्रच येतात. ज्या प्लॉटात जस्त जास्त, तिथे कॅडमियम, तांबे, निकेल हेही जास्त. मग रायझोबियम नेमके कुणी मारले? वोबर्नच्या प्लॉटांकडे कितीही वेळ पाहिले तरी याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. कॅडमियम मर्यादेच्या बाहेर होते, तेव्हा सारा दोष त्याच्यावर टाकून जस्ताला सोडून देणे सोपे होते, आणि तसा युक्तिवाद झालाही. पण जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या शेतप्रयोगांत कॅडमियम कमी असूनही क्लोव्हरच्या रायझोबियमची संख्या कोसळलेली दिसली. तेव्हा बोट जस्ताकडे वळले.

१९९३ मध्ये ब्रिटनमधल्या स्वतंत्र तज्ज्ञ समितीने सावधगिरी म्हणून जस्ताची मर्यादा ३०० वरून २०० वर आणण्याची शिफारस केली. पुरावा पूर्ण नसताना घेतलेला हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण मर्यादा पुढे शिथिल करता येते, मातीत गेलेले जस्त परत काढता येत नाही. पुढच्याच वर्षापासून ब्रिटनमध्ये नऊ ठिकाणी नवे दीर्घकालीन प्रयोग सुरू झाले. त्यांत जस्त, तांबे आणि कॅडमियम वेगवेगळे वाढवलेला गाळ वापरला, म्हणजे वोबर्नचा गुंता सुटावा. त्यांतून क्लोव्हरच्या रायझोबियमला मुख्यतः जस्त भोवते असे निघाले.

अमेरिकेने त्याच १९९३ मध्ये वेगळी वाट धरली. तिथल्या नियमानुसार हेक्टरी एकूण २८०० किलो जस्त टाकता येते. नांगरटीच्या थरात हेक्टरी सुमारे २० लाख किलो माती धरली, तर हे प्रमाण प्रतिकिलो १४०० मिलिग्रॅमवर जाते. ब्रिटनच्या नव्या मर्यादेच्या सातपट! दोन्ही बाजूंना अडाणी म्हणता येणार नाही. धातूयुक्त गाळ मिळालेल्या अमेरिकी जमिनींत सोयाबीनच्या गाठींतल्या ब्रॅडीरायझोबियम जिवाणूंची संख्या घटलेली आढळली नव्हती, आणि हाही खराखुरा शेतातला पुरावा होता. रायझोबियमच्या सगळ्या जाती सारख्याच नाजूक नसतात. माती चिकण असेल, सामू जास्त असेल, सेंद्रिय पदार्थ भरपूर असेल, तर तेवढेच धातू कितीतरी कमी बाधतात, कारण ते कणांना बांधलेले राहतात. वोबर्नची हलकी वाळू या बाबतीत दुबळी. म्हणून सगळ्या जमिनींना एकच आकडा लावणे मला पटत नाही. तो लावायचाच झाला तर सर्वांत दुबळी माती आणि सर्वांत नाजूक जीव समोर ठेवून लावावा.

गेलेले परत येते का

गाळाच्या बाजूने एक समजूत अनेक वर्षे सांगितली जात असे: काळ जाईल तसे धातू मातीत घट्ट बसतील आणि निरुपद्रवी होतील. उलट बाजूचे म्हणत, गाळातला सेंद्रिय पदार्थ कुजून गेला की त्याने धरलेले धातू एकदम मोकळे होतील. जपलेल्या नमुन्यांमुळे वोबर्नला दोन्ही मते तपासता आली. गाळ बंद झाल्यानंतरच्या दोन दशकांत सेंद्रिय पदार्थ बराच घटला, पण जस्त आणि कॅडमियम यांचा सौम्य द्रावणात निघणारा वाटा फारसा हलला नाही. ते घट्ट बसले नाहीत आणि एकदम सुटलेही नाहीत.

एका टप्प्यावर प्लॉटांतले धातू हिशेबापेक्षा कमी भरले, तेव्हा ते झिरपून खाली गेले असावेत असे वाटले. मॅकग्रा आणि लेन यांनी १९८९ मध्ये दाखवले की ते खाली गेलेच नव्हते. दरवर्षीच्या नांगरटीने माती आडवी सरकत शेजारच्या पट्ट्यांत गेली होती आणि धातू तिच्याबरोबर. कमी झाले होते ते प्लॉटातले, शेतातले नव्हे.

मग उपाय काय? चुना घालून सामू वाढवला तर मातीच्या पाण्यात विरघळलेले जस्त कमी होते. हलक्या जमिनीत हा पहिला आणि स्वस्त उपाय. पण वोबर्नचा सामू ६.५ च्या आसपास असतानाच हे सगळे घडले आहे, त्यामुळे चुन्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. आणि चुना घालणे थांबवले की सामू पुन्हा उतरतो, धातू पुन्हा सुटतात.

याच प्लॉटांवर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट करून पाहिली गेली. मोहरीच्या कुळातली थ्लास्पी केरुलेसेन्स ही ठेंगणी रानवनस्पती (आता तिचे शास्त्रीय नाव नोकेया केरुलेसेन्स) पानांत जस्त साठवते. मॅकग्रा, अॅलन बेकर आणि सहकाऱ्यांनी ती वोबर्नला लावली, आणि एका पिकात हेक्टरी सुमारे ३० किलो जस्त तिने उचलले. नांगरटीचा थर २० लाख किलो धरला, तर प्रतिकिलो १०० मिलिग्रॅम जस्त उतरवायला हेक्टरी २०० किलो काढावे लागेल, म्हणजे साधारण सात पिके. तीही प्रत्येक पीक पहिल्याइतकेच उचलत राहिले तर. नेहमीच्या पिकांना याच कामाला शेकडो वर्षे लागतील, म्हणून ही वनस्पती आशा वाटावी अशीच आहे. पण ती बुटकी आणि संथ वाढणारी आहे, यंत्राने कापायला अवघड आहे, आणि कापलेला पाला जस्ताने भरलेला असल्यामुळे त्याच शेतात कुजवता येत नाही. शिवाय त्या काळात दुसरे उत्पन्न काही नाही.

जस्त उतरले तरी रायझोबियम आपोआप परतेल असे मानायला मला आधार दिसत नाही. तिथे उरलेला वाण निकामी आहे आणि त्याने जागा धरून ठेवली आहे. कार्यक्षम वाण बियाण्याला चोळून मुळांपाशी पोहोचवावा लागेल, आणि क्लोव्हर सलग काही वर्षे ठेवावा लागेल, म्हणजे एका गाठीतून सुटलेल्या जिवाणूला दुसरे मूळ लवकर भेटेल आणि मातीत उघड्यावर राहण्याचा काळ कमी होईल. असे केल्यावर यश मोजायचे ते गाठी मोजून नव्हे. गाठ कापून आतला रंग पाहावा लागेल, आणि शेजारच्या शेणखताच्या प्लॉटातल्या क्लोव्हरच्या नत्राशी इथला नत्र ताडून पाहावा लागेल, तोही बियाण्याला जिवाणू न चोळता घेतलेल्या पिकात.